बालपणी हाती बंदूक आलेल्यांचे मन : भोगलेल्या आणि केलेल्या हिंसेतून बाहेर येताना

थोडक्यात

• सशस्त्र गटात वाढलेल्या मुलाच्या मनावर दोन प्रकारच्या जखमा असतात. एक, त्याच्यावर झालेल्या हिंसेची. दुसरी, त्याच्या हातून झालेल्या हिंसेची. उपचार दोन्हींवर करावे लागतात.
• परत आल्यावर झोप न लागणे, दचकणे, चिडणे, गप्प राहणे, दारूचा आधार घेणे ही लक्षणे नेहमी दिसतात. त्यावर परिणामकारक उपचार आहेत.
• केवळ गोळ्या पुरत नाहीत. आठवणींना सावकाश, क्रमाने सामोरे नेणारे समुपदेशन हा मुख्य उपचार आहे.
• घर आणि गाव त्या व्यक्तीला कसे वागवते, याचा बरे होण्यावर मोठा परिणाम होतो.
• जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर वाट पाहू नका. टेली मानस : १४४१६ (मोफत, २४ तास). १८ वर्षांखालील मुलांसाठी चाइल्डलाइन : १०९८.

बालसैनिक कोणाला म्हणतात?

बंदूक चालवली तरच मूल बालसैनिक ठरते, असा समज आहे. तो बरोबर नाही. २००७ च्या ‘पॅरिस तत्त्वां’नुसार, १८ वर्षांखालील ज्या मुलाला किंवा मुलीला एखाद्या सैन्याने वा सशस्त्र गटाने कोणत्याही कामासाठी वापरले, ते सगळे यात येतात. स्वयंपाक करणारे, ओझी वाहणारे, निरोप पोचवणारे, पहारा देणारे, माहिती काढून आणणारे आणि लैंगिक शोषणासाठी ठेवलेले, सगळेच.

मूल ‘स्वखुशीने’ गेले की जबरदस्तीने नेले, यानेही व्याख्या बदलत नाही. घरात खायला नाही, शाळा सुटलेली आहे, गावात गणवेशवाल्यांचा दरारा आहे, अशा स्थितीत तेरा वर्षांच्या मुलाने ‘मी जातो’ म्हणणे याला मोकळी निवड म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न कुठे आहे?

आपल्या राज्यात हा प्रश्न प्रामुख्याने गडचिरोली जिल्ह्याचा आहे. १९८० च्या सुमारास पीपल्स वॉर ग्रुपचे नक्षलवादी या जंगलपट्ट्यात आले. २००४ साली विलीनीकरणातून भाकप (माओवादी) हा पक्ष झाला. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये लहान मुलांचे ‘बाल संघम’, किशोरवयीनांची नाचगाण्याची पथके आणि पुढे सशस्त्र दलम अशी चढती वाट होती. संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांच्या मुले व सशस्त्र संघर्षावरील अहवालांत भारतातील या भरतीचा उल्लेख अनेकदा आला आहे.

मुलांना वापरणारी एकच बाजू नव्हती. ह्यूमन राइट्स वॉचच्या २००८ च्या अहवालात, छत्तीसगडमध्ये नक्षलवाद्यांप्रमाणेच पोलिसांच्या बाजूनेही १८ वर्षांखालील मुलांना ‘विशेष पोलीस अधिकारी’ म्हणून वापरल्याची नोंद आहे. ५ जुलै २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाऱ्यांना शस्त्रे देण्याची पद्धत घटनाबाह्य ठरवली.

महाराष्ट्राची आत्मसमर्पण योजना २००५ पासून चालू आहे. तेव्हापासून शेकडो जण परत आले. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती या वरिष्ठ नेत्याने ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. हे आकडे आपण बातम्यांत वाचतो. बातमी संपते आणि घरातले प्रश्न तेथून पुढे सुरू होतात.

एक गोष्ट कुटुंबांनी विशेष ध्यानात घ्यावी. आज परत आलेली व्यक्ती तिशी-पस्तिशीची असेल, तिचे लग्न झालेले असेल, तिला मूलही असेल. पण ती गेली तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची असू शकते. तिला घर चालवणे, भांडण बोलून मिटवणे, पैसे सांभाळणे, मुलाला जवळ घेणे शिकवण्याच्या वयात दुसरेच शिक्षण मिळाले. तिच्या वागण्याचा अर्थ लावताना हे मनात ठेवले तर बराच गैरसमज टळतो.

मनावर काय परिणाम होतात?

१. भीतीची जखम. चकमक, मारहाण, साथीदाराचा डोळ्यांदेखत मृत्यू, जंगलातली उपासमार. हे सगळे मेंदू ‘संपले’ म्हणून नोंदवत नाही. फटाका वाजला, टायर फुटला, हेलिकॉप्टरचा आवाज आला की शरीर पुन्हा त्याच क्षणात जाते. ही स्थिती महिन्याहून अधिक टिकली आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणू लागली, तर तिला आघातोत्तर ताणविकार किंवा पीटीएसडी म्हणतात.

२. दोषाची जखम. हिचे मूळ भीतीत नसते, ‘मी हे केले’ या जाणिवेत असते. एखाद्याला गावाच्या सभेतून ओढून नेण्यात हातभार लावला, खबऱ्या म्हणून कोणाचे नाव सांगितले, पहारा दिला आणि पुढे काय झाले ते पाहिले. मानसशास्त्रात याला ‘नैतिक जखम’ म्हणतात. अशी व्यक्ती घाबरलेली दिसत नाही. ती स्वतःला नालायक समजते, चांगले खाणे, हसणे, मुलाचे लाड करणे टाळते. ‘माझ्या हाताने बाळाला धरू नको’ असेही म्हणते.

३. हिंसेची लागलेली सवय. याबद्दल घरात कोणीच बोलत नाही. काही जण सांगतात की हल्ल्याच्या वेळी जोर चढायचा, बरे वाटायचे, आता सगळे बेचव लागते. हे ऐकून घरच्यांना धक्का बसतो आणि ‘हा राक्षसच झाला’ असे वाटते. युगांडा, रवांडा, कांगो या देशांतील माजी लढवय्यांबरोबर काम करणाऱ्या संशोधकांना हे वारंवार आढळले. जिथे भीती वाटणे म्हणजे मरणे, तिथे वाढणारा मेंदू हिंसेलाच ताकद मानायला शिकतो. हे शिकलेले आहे, म्हणून बदलताही येते. त्यासाठी ते तज्ज्ञासमोर लाज न बाळगता बोलता आले पाहिजे.

४. अर्धवट राहिलेला शोक. दलममधले साथीदार हेच अनेक वर्षे त्याचे कुटुंब होते. त्यातले काही मारले गेले, काही अजून जंगलात आहेत. त्यांच्यासाठी त्याला उघडपणे रडता येत नाही. गाव म्हणेल, ‘अजून त्यांचाच आहे.’ साथीदारांसाठी रडणे म्हणजे हिंसेचे समर्थन नव्हे. तो साधा शोक आहे आणि त्याला जागा द्यावी लागते.

घरच्यांना काय दिसते?

• रात्री भिंतीला पाठ लावून किंवा दाराजवळच बसणे, आवाजाने ताडकन उठणे, झोपेत ओरडणे.
• बाजारात, बसमध्ये, लग्नघरात जाणे टाळणे.
• छोट्या कारणावरून हात उगारणे आणि नंतर दिवसभर कोपऱ्यात बसणे.
• बोलता बोलता मध्येच हरवणे, हाक मारली तरी ऐकू न येणे.
• दारू, गांजा, खर्रा यांचे प्रमाण वाढणे.
• डोके, पोट, छाती सतत दुखणे आणि तपासणीत काही न सापडणे.
• लहान मुलांत : तेच ते मारामारीचे खेळ, अंथरुणात लघवी होणे, शाळेत लक्ष न लागणे.
• काहीच न दिसणे. हुकूम दिला की काम करणारा, कधी न चिडणारा, कधी न हसणारा मुलगा ‘शहाणा झाला’ असे वाटते. त्याच्याकडेही लक्ष हवे.

आधी शरीर तपासा

मनाचे उपचार सुरू करताना शरीराची पूर्ण तपासणी करून घ्यावी. मनाची म्हणून समजलेली काही लक्षणे शरीराच्या आजाराची असतात.

• रक्तक्षय, कुपोषण, मलेरिया आणि क्षयरोग. गडचिरोलीच्या जंगलात फॅल्सिपॅरम मलेरिया नेहमीचा आहे.
• सिकलसेल. आदिवासी समाजात याचे प्रमाण अधिक आहे. अंग ठणकण्याचे कारण ‘टेन्शन’ ठरवण्याआधी ही तपासणी करावी.
• स्फोटामुळे आलेला बहिरेपणा आणि डोक्याला लागलेला जुना मार. ‘ऐकत नाही, विसरतो, चिडतो’ यामागे तेही असू शकते.
• अंगात राहिलेले छर्रे, नीट न जुळलेली हाडे.
• पुरुषांमध्ये नसबंदी. दलममध्ये लग्नाला परवानगी देताना अनेकांची नसबंदी केली गेली. परत आल्यावर मूल हवे असेल तर नस पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया करता येते. मधे किती वर्षे गेली यावर यश अवलंबून असते, म्हणून खात्री देता येत नाही. हे दुःख अनेक जोडप्यांच्या मनात असते, पण डॉक्टरांनी विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

उपचार कसे होतात?

पहिला टप्पा : सुरक्षितता. झोप, जेवण, राहण्याची निश्चित जागा, ओळखपत्रे, रोजचे वेळापत्रक. पुन्हा उचलून नेले जाण्याची भीती खरी असेल तर समुपदेशनाने ती जात नाही. जुन्या साथीदारांनी परतलेल्यांना ‘खबरी’ म्हणून ठार केल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणून काही कुटुंबांना गाव सोडून राहावे लागते. अशा वेळी सुरक्षित जागा हाच उपचाराचा पहिला भाग.

दुसरा टप्पा : आठवणींना सामोरे जाणे. यासाठी आघात-केंद्रित समुपदेशनाच्या पद्धती वापरतात. मुलांसाठी आघात-केंद्रित बोधात्मक वर्तन उपचार साधारण १२ ते १६ भेटींचा असतो. कांगोमध्ये १३ ते १७ वयाच्या, बालसैनिक राहिलेल्या आणि युद्धाची झळ बसलेल्या ५० मुलग्यांवर झालेल्या एका अभ्यासात (२०१३) गटात दिलेल्या या उपचाराने पीटीएसडीची लक्षणे लक्षणीय कमी झाली.

दुसरी पद्धत कथनाची. यात समुपदेशक जमिनीवर एक दोरी पसरतो. दोरी म्हणजे जन्मापासून आजपर्यंतचे आयुष्य. चांगल्या आठवणीसाठी फूल, वाईट घटनेसाठी दगड, गेलेल्या माणसासाठी मेणबत्ती ठेवतात. आणि स्वतःच्या हातून झालेल्या हिंसेसाठी काठी. मग एकेका भेटीत एकेका ठिकाणी थांबून त्या वेळी काय घडले, काय दिसले, शरीरात काय झाले, मनात काय आले, हे क्रमाने सांगितले जाते. एरवी तुकड्यातुकड्यांनी अंगावर येणारी आठवण अशा रीतीने ‘तेव्हा, तिथे’ घडलेली गोष्ट बनते.

या दोरीवर दगड आणि काठ्या शेजारी शेजारी दिसतात, हे महत्त्वाचे आहे. नुसते दगड मोजले तर मुलगा मनात म्हणतो, ‘यांना माझे खरे माहीत नाही.’ नुसत्या काठ्या मोजल्या तर तो म्हणतो, ‘मी माणूसच नाही.’

उत्तर युगांडात १२ ते २५ वयाच्या ८५ माजी बालसैनिकांवर झालेल्या अभ्यासात (२०११) प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी ही पद्धत आठ भेटींत वापरली. वर्षभरानंतरच्या तपासणीत, नुसता शैक्षणिक आधार व सर्वसाधारण समुपदेशन मिळालेल्यांपेक्षा यांची लक्षणे जास्त कमी झालेली होती. आपल्याकडे मानसोपचारतज्ज्ञ मोजके आहेत. चांगले प्रशिक्षण आणि तज्ज्ञाची देखरेख असेल तर गावातला शिकलेला कार्यकर्ताही हे काम करू शकतो, हा त्यातला आपल्या उपयोगाचा धडा आहे.

औषधे. प्रौढांत तीव्र पीटीएसडी किंवा नैराश्य असेल तर सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन यांसारखी औषधे देतात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. पंचविशीखालील रुग्णाला औषध सुरू केल्यावर पहिले काही आठवडे घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावे, कारण या काळात क्वचित आत्महत्येचे विचार वाढू शकतात. लहान मुलांत पीटीएसडीसाठी औषध हा पहिला उपचार नाही. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या झोपेच्या गोळ्या दुकानातून परस्पर घेऊ नयेत. त्यांची सवय लागते आणि मूळ आजार तसाच राहतो.

काय टाळावे. परतल्या परतल्या ‘सगळे एकदाच सांगून मोकळा हो’ असा आग्रह धरू नये. एकाच बैठकीत जबरदस्तीने सगळे बोलायला लावण्याचा फायदा होत नाही, कधी त्रास वाढतो.

भाषा. माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्याला मराठीत ‘अपराधी वाटते का?’ विचारले तर तो ‘नाही’ म्हणेल आणि प्रश्न तिथेच संपेल. शक्य तिथे त्याच्या भाषेत बोलणारी व्यक्ती हवी. दुभाषी पोलीस, गावातला पुढारी किंवा त्याचे स्वतःचे मूल असू नये.

‘मी मारलं’ असे तो म्हणाला, तर काय करावे?

घरच्यांसाठी हा सगळ्यात अवघड क्षण असतो. समजा, चौदाव्या वर्षी गेलेला मुलगा दहा वर्षांनी परत आला आहे. एका रात्री तो आईला सांगतो की अमुक गावच्या माणसाला नेले तेव्हा तोही तिथे होता. आई दोनपैकी एक करते. ‘तू काही केलं नाहीस, तू लेकरू होतास, विसर आता’ असे म्हणते. नाहीतर कानावर हात ठेवते आणि तो विषय घरात पुन्हा निघत नाही.

दोन्ही मायेपोटीच होते. पण पहिल्या उत्तरात त्याचे सांगणे खोटे ठरते आणि दुसऱ्यात तो एकटा पडतो. त्यापेक्षा असे करता येईल :

• आधी ऐका. मधे प्रश्न विचारू नका, तपशील खोदू नका.
• ‘तू हे मला सांगितलंस, बरं केलंस. मी इथेच आहे’ एवढे पुरे आहे.
• त्याचे वय आणि परिस्थिती नाकारू नका, घटना पण नाकारू नका. ‘ते घडलं. तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास आणि नाही म्हणायची सोय नव्हती. दोन्ही खरं आहे.’
• लगेच माफी देऊ नका. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या वतीने माफ करण्याचा अधिकार आपला नाही. जवळ ठेवण्याचा अधिकार मात्र आपला आहे.
• ऐकलेले शेजारी, नातेवाइकांत सांगू नका.
• तुम्हालाही झोप लागेनाशी झाली तर स्वतःसाठी मदत घ्या.

समुपदेशनात पुढे ‘जबाबदारीचे वाटप’ केले जाते. घडलेल्या गोष्टीत हुकूम देणाऱ्याचा वाटा किती, शस्त्र देणाऱ्याचा किती, भीतीचा किती, आणि त्याचा स्वतःचा किती, हे तो स्वतः मांडतो. बहुतेकदा सुरुवातीला तो सगळा दोष स्वतःकडे घेतो किंवा सगळाच झटकतो. हळूहळू त्याचा खरा वाटा त्याला दिसतो. तेवढ्या वाट्यासाठी काहीतरी करता येते. श्रमदान, मुलांना शाळेत टिकवण्याचे काम, तयारी असेल तेव्हा आणि समोरच्या कुटुंबाचीही इच्छा असेल तरच क्षमायाचना. ज्यांचे माणूस गेले त्यांच्यावर भेटीचा किंवा माफीचा दबाव कधीही आणू नये. त्यांचे दुःख हे याच्या उपचाराचे साधन नाही.

‘एवढे लाड कशाला?’ असे काही जण विचारतात. युगांडा आणि कांगोतील १६९ माजी बालसैनिकांच्या अभ्यासात (२००७) ज्यांची पीटीएसडीची लक्षणे जास्त, त्यांच्यात सूडाची भावना जास्त आणि समेटाची तयारी कमी दिसली. मन बरे करणे हे गावाच्याही सुरक्षिततेचे काम आहे.

गाव काय करू शकते?

सिएरा लिओनमध्ये २००२ साली युद्ध संपल्यापासून माजी बालसैनिकांचा अनेक वर्षे पाठपुरावा झाला. ज्यांना घराने व गावाने स्वीकारले आणि ज्यांचे शिक्षण पुढे चालू राहिले त्यांचे बरे चालले. ज्यांच्यावर शिक्का बसला त्यांचे नैराश्य व राग टिकून राहिला.

शिक्का कसा बसतो, याचे उदाहरण शेजारच्या नेपाळचे आहे. २००६ च्या शांतता करारानंतर माओवादी छावण्यांतील लढवय्यांची पडताळणी झाली. त्यात २९७३ जण अल्पवयीन ठरले आणि २०१० मध्ये त्यांना छावण्यांतून सोडले. खरे तर ही मुलांची सुटका होती. पण कागदोपत्री त्यांना ‘अयोग्य’ म्हटले गेले आणि तोच शब्द त्यांच्या कपाळी चिकटला. मुलींना तर जास्त त्रास झाला. नेपाळमधील २००८ च्या अभ्यासात, भोगलेले आघात जमेस धरले तरी, माजी बालसैनिक मुलींची मानसिक स्थिती गावातल्या इतर मुलींपेक्षा वाईट आढळली.

म्हणून ‘नक्षल्याची पोर’, ‘सरेंडर’ असे शब्द नावाच्या जागी वापरू नका. शाळेत, बचत गटात, पंगतीत जागा द्या. रोजगार द्या. गावाच्या रीतीने शुद्धी, पूजा किंवा गावजेवण करून परत घेण्याची पद्धत असेल आणि त्या व्यक्तीला ते हवे असेल, तर जरूर करा. उत्तर युगांडातही परतलेल्याला अंड्यावर पाय ठेवून गावात घेण्याचा विधी आहे. अशा विधीमुळे ‘आता तू आमचा’ हे सगळ्यांसमोर जाहीर होते. भगताकडे जायलाही हरकत नाही. मात्र मारहाण, डाग देणे, उपाशी ठेवणे किंवा औषधे बंद करणे यांना ठाम नकार द्या.

मुली आणि स्त्रिया

मुलींच्या बाबतीत घराचा पहिला प्रश्न ‘आता हिच्याशी लग्न कोण करणार?’ हा असतो. तो तिच्यासमोर विचारू नका. लैंगिक अत्याचार, गर्भपात, जंगलात झालेले लग्न, गमावलेला जोडीदार यांपैकी काहीही तिच्या मनात असू शकते. तपासणी शक्यतो स्त्री डॉक्टरकडे आणि एकांतात व्हावी. १८ वर्षांखालील मुलीवर किंवा मुलावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर पॉक्सो कायद्यानुसार त्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि उपचार मोफत मिळतात. सोबत मूल घेऊन आली असेल तर त्या मुलाचा जन्मदाखला, लसीकरण आणि अंगणवाडीतील नोंद लगेच करून घ्या.

जव्हार-मोखाड्यात हे कशाला वाचायचे?

पालघर जिल्ह्याच्या या दोन तालुक्यांत बालसैनिकांचा प्रश्न नाही. पण लहान वयात घराबाहेर दिले गेलेले, मार खाल्लेले आणि परत आलेले मूल येथे अनोळखी नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे, उचल घेऊन कामाला बांधलेली माणसे हे येथील लोक पाहत आले आहेत. २०२२ साली शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यात कातकरी मुलांना मेंढपाळांकडे अल्प मोबदल्यात कामाला ठेवल्याचे उघडकीस आले. त्यातली एक लहान मुलगी दगावली आणि वेठबिगारीचे गुन्हे नोंदले गेले.

अशा मुलाच्या हाती बंदूक नसते. पण मालकाच्या धाकाने दुसऱ्या लहानग्यावर हात उगारावा लागला असेल, चोरी करावी लागली असेल, किंवा भावंडाला तिथेच सोडून पळावे लागले असेल, तर त्याच्याही मनात दगडांबरोबर काठी असते. वर सांगितलेले सगळे त्यालाही लागू आहे. आधी सुरक्षितता, मग शरीर, मग सावकाश बोलणे. आई-वडिलांनी त्याला पाठवले म्हणून त्यांना दोष देत बसण्यापेक्षा त्यांनी ‘आमचं चुकलं, आता तुला पाठवणार नाही’ असे मुलाला स्पष्ट सांगणे जास्त उपयोगी पडते.

सुटका झालेल्या वेठबिगाराला १९७६ च्या कायद्याखाली महसूल प्रशासनाकडून मुक्ती प्रमाणपत्र मिळते. पुनर्वसनाची मदत त्यावर अवलंबून असते, म्हणून ते मागून घ्या. तपासणीसाठी जव्हारचे पतंगशहा रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय गाठा आणि तेथे जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची सेवा कोणत्या दिवशी मिळते ते विचारा. जाणे जमत नसेल तर आशा ताईंच्या मदतीने १४४१६ वर फोन करा. तेथे मराठीतून बोलता येते.

कायदा आणि गुप्तता

• बाल न्याय कायदा, २०१५ नुसार सशस्त्र संघर्षाची झळ बसलेले मूल ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले’ मूल आहे. त्याला बाल कल्याण समितीसमोर न्यावे.
• मुलांना भरती करणाऱ्या वा वापरणाऱ्या सशस्त्र गटांसाठी याच कायद्याच्या कलम ८३ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंडाची तरतूद आहे.
• गुन्हा घडला तेव्हा वय १८ च्या आत असेल तर आज वय वाढले तरी प्रकरण बाल न्याय कायद्यानेच चालते. शाळेचा दाखला, जन्मनोंद जपून ठेवा.
• अशा मुलाचे नाव, फोटो, शाळा प्रसिद्ध करणे गुन्हा आहे.
• उपचारातील माहिती गोपनीय असते, पण त्याला अपवाद आहेत. न्यायालयाचा आदेश, कोणाच्या जिवाला धोका, बालकावरील लैंगिक गुन्हा. पहिल्याच भेटीत समुपदेशकाला विचारा, ‘कोणती गोष्ट तुम्हाला सांगावी लागेल?’ चौकशी आणि उपचार वेगळ्या माणसांनी, वेगळ्या जागी करावेत.
• कथन पद्धतीत आयुष्याची कहाणी लिहून काढतात. तो कागद कोणाकडे राहील, की फाडून टाकायचा, हे रुग्णाने आधी ठरवावे.
• कायदेशीर सल्ला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मिळतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती यांना उत्पन्नाची अट न लावता तो मोफत आहे. फोन : १५१००.

ताबडतोब मदत केव्हा घ्यावी?

• मरणाची भाषा, निरवानिरव, विष किंवा दोर जवळ ठेवणे.
• कोणाला मारण्याचा ठरवलेला बेत, घरात हत्यार लपवणे.
• जोडीदाराला किंवा मुलाला मारहाण.
• दिवसेंदिवस न खाणे, न झोपणे, नसलेले आवाज ऐकू येणे.
• रोज दारू पिणाऱ्याने ती अचानक थांबवल्यावर थरथर, भ्रम किंवा झटके येणे.

अशा वेळी माणसाला एकटे सोडू नका. शेतीची औषधे, कोयता, दोर नजरेआड करा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८. आत्महत्येचा प्रयत्न झाला असला तरी पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला उपचार देणे ही शासनाची जबाबदारी आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तो पूर्णपणे बरा होईल का?
बहुतेकांची झोप, भीती, चिडचिड उपचाराने बरीच कमी होते. आठवण पुसली जात नाही. ती रोज आडवी येत नाही, इतपत सुधारणा हे आपले ध्येय. दोषाची भावना कधी कधी बराच काळ सोबत राहते. ती थोडी राहिली म्हणजे उपचार फसले असे नाही.

किती दिवस लागतील?
समुपदेशनाचा मुख्य भाग तीन-चार महिन्यांचा. घर, काम, नाती यांची घडी बसायला काही वर्षे. सण, वर्षदिन, जुन्या साथीदाराच्या मृत्यूची बातमी अशा वेळी त्रास पुन्हा उफाळतो. हे अपेक्षित आहे.

तो आमच्यासाठी धोकादायक आहे का?
हिंसा केलेला प्रत्येक जण घरात हिंसा करेल असे नाही. दारू, झोप नसणे आणि सतत अपमान यांनी धोका वाढतो. मारहाण होत असेल तर ‘बिचारा आजारी आहे’ म्हणून सहन करू नका. स्वतःची आणि मुलांची सुरक्षितता आधी. महिलांसाठी मदत : १८१.

आमच्या मुलांना काय सांगायचे?
त्यांच्या वयाला झेपेल तेवढे खरे. ‘बाबा लहान असताना त्यांना जंगलात नेलं होतं. तिथं वाईट गोष्टी झाल्या. म्हणून ते रात्री घाबरतात. त्यात तुझी चूक नाही.’ बाकीचे मूल मोठे झाल्यावर, आणि शक्यतो त्याच्या बाबांनीच सांगावे.

लग्न ठरवताना लपवावे का?
होणाऱ्या जोडीदाराला माहिती असावी. काय आणि किती सांगायचे ते त्या व्यक्तीने स्वतः ठरवावे. हवे असल्यास समुपदेशकासमोर एकत्र बसून बोलता येते.

सुरुवात कुठून करावी?

या आठवड्यात तीन गोष्टी करा. सरकारी रुग्णालयात शरीराची तपासणी. १४४१६ वर एक फोन. आणि रोज एक ठरावीक वेळ, ज्यात घरातले एक माणूस त्याच्याबरोबर काहीतरी काम करेल. शेण काढणे, भात निवडणे, सायकल दुरुस्त करणे, काहीही. शेजारी बसून हात कामात असले की बोलणे सोपे जाते. तो बोलला नाही तरी चालेल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बसा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. औषध सुरू करणे, बदलणे किंवा बंद करणे हे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावे.